डिस्प्ले येत नाही? आधी कर्नेलला विचारा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित सुरक्षा-अद्यतनं थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. त्यामुळे रोजचं काम नीट करणारे कितीतरी संगणक एका तारखेनं जुने ठरले. शिरूर आणि दौंड तालुक्यांत असे संगणक जागोजागी आहेत: शाळेच्या संगणक कक्षात, लग्नाचे अल्बम करणाऱ्या स्टुडिओत, महा ई-सेवा केंद्रात, रांजणगाव आणि कुरकुंभच्या कारखान्यांची कामं घेणाऱ्या लहान वर्कशॉपमध्ये. त्यांच्यावर उबुंटू, मिंट किंवा डेबियन यांपैकी एखादं लिनक्स वितरण टाकून ते आणखी काही वर्षं वापरणं हा शहाणपणाचा मार्ग आहे.

या मार्गावर अडखळायला होतं ते बहुतेक वेळा ग्राफिक्सपाशी. लिनक्स बसतं, संगणक पुन्हा सुरू होतो आणि डिस्प्ले येत नाही. किंवा येतो तो ढोबळ अक्षरांचा, चौकोनी, कडेला काळ्या पट्ट्या असलेला. मग सल्ले ठरलेले असतात: "कार्ड उडालंय, नवीन टाका" किंवा "परत फॉरमॅट मारा." कार्ड आणायला शिरूरहून किंवा दौंडहून पुण्याला जायचं म्हणजे सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर एका बाजूनं. दोष कार्डात नसेल तर पैसे आणि दिवस दोन्ही वाया. फॉरमॅट मारला तर डेटा जातो आणि मूळ कारण जागच्या जागी राहतं.

लिनक्सचं कर्नेल, म्हणजे त्याचा गाभा, दर वेळी सुरू होताना कोणतं कार्ड सापडलं, त्याला कोणता ड्रायव्हर लावला आणि गाडं कुठे अडलं, याची ओळीनं नोंद ठेवतं. ती नोंद वाचायला पाच मिनिटं लागतात. कॅबिनेटचा स्क्रू त्यानंतरच काढावा. हा लेख त्या वाचनाचा आणि त्यावरून पुढचं पाऊल ठरवण्याचा आहे.

आज्ञांबद्दल एक सूचना. इथे त्या देवनागरीत, एकेक अक्षर सुटं करून दिल्या आहेत. कीबोर्डवर ती अक्षरं इंग्रजी लहान लिपीत सलग टाइप करायची, आकडेही इंग्रजीच. 'स्पेस' लिहिलं आहे तिथेच जागा सोडायची.

स्क्रीन नेमकी कधी काळी पडते?

सगळ्यात आधी हे पाहा. निम्मं निदान इथेच होतं.

बटण दाबल्यावर कंपनीचा लोगोसुद्धा दिसत नसेल, तर कर्नेलचा काही संबंध नाही, कारण ते अजून सुरूच झालेलं नाही. मॉनिटरची केबल, रॅम, एसएमपीएस, कार्ड या क्रमानं तपासा. वेगळं कार्ड बसवलेल्या संगणकात केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावलेली असणं ही नेहमीची चूक आहे. ती कार्डाच्या पोर्टला हवी. बायोसच्या निळ्या किंवा करड्या पानावरही रंगीत रेघा, ठिपके दिसत असतील, तर बहुधा कार्ड किंवा त्याची मेमरी खरोखर गेली आहे. तिथे लिनक्सवर वेळ घालवू नका.

लोगो आला, ग्रबची (कर्नेल निवडण्याची) यादी आली आणि त्यानंतर स्क्रीन काळी झाली, तर संशय कर्नेलच्या ग्राफिक्स ड्रायव्हरवर घ्यावा. याच क्षणी तो बायोसकडून स्क्रीनचा ताबा घेतो आणि रिझोल्यूशन ठरवतो.

पांढऱ्या अक्षरांच्या ओळी सरकताना दिसल्या पण लॉगिनचं पान आलं नाही, तर अडचण बहुधा वरच्या थरात, म्हणजे डेस्कटॉप उभा करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. लॉगिन झालं पण व्हिडिओ अडखळतो, खिडकी सरकवली की मागे रेघ राहते, तर बहुधा ड्रायव्हर लागलेलाच नाही आणि चित्र काढण्याचं काम प्रोसेसर करतो आहे. तासभर नीट चालून मग संगणक गोठत असेल, तर उष्णता आणि वीजपुरवठा यांच्याकडे आधी पाहा.

स्क्रीन काळी असली तरी आत कर्नेल जिवंत असू शकतं. कॅप्सलॉक दाबा. दिवा लागत-विझत असेल तर ते जिवंत आहे. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबल्यावर काळ्या पानावर लॉगिन मागितलं गेलं, तर तुमचं निम्मं काम झालं. दिवा आपोआप लुकलुकत असेल तर कर्नेल कोसळलं आहे. गोठलेला संगणक बंद करताना थेट वायर ओढू नका. ऑल्ट आणि प्रिंटस्क्रीन दाबून ठेवून एस, यू, बी ही अक्षरं थोड्या थोड्या अंतरानं दाबा. कर्नेल प्रतिसाद देत असेल तर डिस्कवरची माहिती नीट लिहून मग संगणक पुन्हा सुरू होतो.

आत शिरण्याची वाट

संगणक सुरू होताना ग्रबची यादी दिसत नसेल, तर जुन्या बायोसच्या यंत्रावर शिफ्ट दाबून धरा आणि नव्या यूईएफआयच्या यंत्रावर एस्केप दाबा. यादी आली की दोन वाटा आहेत.

पहिली वाट जुन्या कर्नेलची. 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये आधीच्या आवृत्त्या असतात. कालपर्यंत चालणारा संगणक अद्यतनानंतर बंद पडला असेल, तर हीच वाट आधी घ्या. जुन्या कर्नेलवर डिस्प्ले आला, तर कार्ड ठणठणीत आहे, हे तिथेच सिद्ध झालं. दोष नव्या कर्नेलमध्ये किंवा त्याच्याशी न जुळलेल्या ड्रायव्हरमध्ये आहे.

दुसरी वाट ताज्या इन्स्टॉलची, जिथे जुनं कर्नेल नसतं. यादीतल्या पहिल्या ओळीवर 'ई' दाबा. 'लिनक्स' या शब्दानं सुरू होणारी ओळ शोधा, तिच्या शेवटी एक स्पेस सोडून 'एन ओ एम ओ डी ई एस ई टी' असं सलग लिहा आणि एफ१० दाबा. या सूचनेनं कर्नेलचे ग्राफिक्स ड्रायव्हर बाजूला राहतात आणि बायोसनं दिलेल्या साध्या चित्रावर काम चालतं.

डिस्प्ले आल्यावर पुष्कळ जण हीच सूचना कायमची करून टाकतात. तसं करू नये. ती असताना दुसरा मॉनिटर चालत नाही, लॅपटॉपचा प्रकाश कमी-जास्त होत नाही, व्हिडिओचा सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि यंत्र तापतं. ही सूचना दुरुस्तीपुरती आत शिरायला आहे.

कर्नेलची नोंद कशी वाचावी

टर्मिनल उघडा. तीन प्रश्न विचारायचे आहेत.

पहिला: कोणतं कर्नेल चालू आहे? 'यू एन ए एम ई' स्पेस '-आर'. उत्तरातले पहिले दोन आकडे लिहून ठेवा, उदाहरणार्थ ६.८ किंवा ६.१२.

दुसरा: कार्ड कोणतं आणि त्याला ड्रायव्हर लागला आहे का? 'एल एस पी सी आय' स्पेस '-एन एन के'. लांब यादी येते. तिच्यात 'व्हीजीए' किंवा 'थ्रीडी कंट्रोलर' लिहिलेली ओळ शोधा. चौकोनी कंसात दोन क्रमांकांची जोडी असते. जोडीतला पहिला क्रमांक ८०८६ असेल तर इंटेल, १००२ असेल तर एएमडी आणि १०डीई असेल तर एनव्हिडिया. खोक्यावरच्या नावापेक्षा या क्रमांकावर विश्वास ठेवा, कारण एकाच नावाखाली वेगवेगळ्या पिढ्यांची कार्डं विकली गेली आहेत. त्याखाली 'कर्नेल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ हवी. ती नसेल तर कार्ड दिसतं आहे पण त्याला ड्रायव्हर लागलेला नाही. कार्डाची ओळच नसेल, तर कार्ड स्लॉटमध्ये नीट बसलेलं नाही, बायोसमध्ये बंद आहे किंवा निकामी आहे.

तिसरा: मागच्या वेळी काय बिघडलं? 'एस यू डी ओ' स्पेस, मग 'जे ओ यू आर एन ए एल सी टी एल' स्पेस '-के' स्पेस '-बी' स्पेस '-१'. यात आधीच्या, म्हणजे काळ्या पडलेल्या सुरुवातीची कर्नेलची नोंद मिळते. ती मोठी असते. तिरकी रेघ दाबून 'डी आर एम' शोधा. लिनक्सच्या ग्राफिक्स विभागाचं हे संक्षिप्त नाव आहे. त्यानंतर 'फर्मवेअर' हा शब्द इंग्रजीत शोधा.

नेहमी सापडणाऱ्या ओळी आणि त्यांचे अर्थ असे:

'डायरेक्ट फर्मवेअर लोड' अयशस्वी, शेवटी उणे २. कार्डाला सुरू होताना लागणारी फर्मवेअरची फाइल डिस्कवर नाही. उबुंटू आणि मिंटमध्ये 'लिनक्स-फर्मवेअर' हे पॅकेज पुन्हा बसवा. डेबियनमध्ये कार्डाच्या कंपनीनुसार फर्मवेअरचं वेगळं पॅकेज असतं.

'की वॉज रिजेक्टेड'. सिक्युअर बूट चालू आहे आणि बाहेरून बसवलेल्या ड्रायव्हरवर ओळखीची सही नाही. याचा उपाय एनव्हिडियाच्या भागात दिला आहे.

'जीपीयू हँग' किंवा 'रिंग टाइमआउट'. ड्रायव्हर लागला होता, पण काम करता करता कार्डानं उत्तर देणं थांबवलं. एखाद्या वेळी दिसलं तर नोंद करून सोडून द्या. रोज दिसत असेल तर दुसरं कर्नेल लावून पाहा, आणि तापमानही मोजा.

'एक्सआयडी ७९', म्हणजे एनव्हिडियाचं कार्ड चालता चालता बसवरून नाहीसं झालं. वीज कमी पडणं, स्लॉटमधला सैलपणा किंवा अति उष्णता ही त्यामागची नेहमीची कारणं. इथे मात्र कॅबिनेट उघडायलाच हवं.

कार्डाचं वय आणि कर्नेलचं वय

ग्राफिक्सच्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी एकच विसंगती असते. कार्ड नवं आणि कर्नेल जुनं, किंवा कार्ड फार जुनं आणि त्याच्या कंपनीचा ड्रायव्हर नव्या कर्नेलवर न चालणारा. डेबियन १२ मध्ये ६.१ कर्नेल आहे आणि ते डिसेंबर २०२२ चं. एएमडीचं आरएक्स ९०७० कार्ड मार्च २०२५ मध्ये बाजारात आलं. त्या कर्नेलला हे कार्ड ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही. तिथे कार्ड बदलायचं नसतं, डेबियन १३ घ्यायचं असतं. त्यात ६.१२ कर्नेल आहे, आणि त्याहून नवं कर्नेल डेबियनच्या 'बॅकपोर्ट्स' या सोयीतून घेता येतं. उबुंटूच्या दीर्घकालीन आवृत्तीत यासाठीच 'एचडब्ल्यूई' नावाची नव्या कर्नेलची सोय असते. २२.०४ आवृत्ती ५.१५ कर्नेलवर आली होती, पुढे याच सोयीतून तिला ६.८ मिळालं.

इंटेल. मदरबोर्डवरच्या इंटेल ग्राफिक्सचा ड्रायव्हर 'आय९१५' कर्नेलमध्येच असतो. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे प्रोसेसर असलेल्या, एच६१ मदरबोर्डच्या जुन्या संगणकांवर तो सहसा काही न करता चालतो. शाळांसाठी म्हणूनच हे संगणक चांगले. अपवाद काही जुन्या ॲटम नेटबुकांचा. जीएमए ५०० आणि ३६०० या चिप पॉवरव्हीआरच्या आहेत. त्यांचं चित्र दिसतं, पण थ्रीडीचा वेग मिळत नाही, आणि कोणतीही खटपट केली तरी मिळणार नाही. लॅपटॉपची स्क्रीन लुकलुकत असेल, तर ग्रबच्या त्याच ओळीत 'आय९१५ डॉट ई एन ए बी एल ई अंडरस्कोर पी एस आर' आणि त्याला जोडून 'बरोबर'चं चिन्ह व ० लिहून पाहा.

एएमडी. जुन्या कार्डांना 'रेडिऑन' आणि नव्यांना 'एएमडीजीपीयू' हा ड्रायव्हर लागतो. दुसरा ड्रायव्हर २०१५ मध्ये ४.२ या कर्नेलपासून आला. दोन्ही कर्नेलमध्येच आहेत. फर्मवेअर मात्र वेगळं लागतं, आणि तक्रार बहुधा तिथेच असते.

एनव्हिडिया. सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे, म्हणून इथे थोडं थांबू. कर्नेलमधला 'नूवो' हा ड्रायव्हर २०१० मध्ये २.६.३३ या आवृत्तीत आला. कंपनीच्या मदतीविना, कार्डांचं वागणं अभ्यासून स्वयंसेवकांनी तो लिहिला. कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर बाहेरून बसवावा लागतो आणि कार्डाच्या पिढीप्रमाणे त्याच्या शाखा वेगळ्या. आपल्याकडे जुन्या संगणकांत हमखास सापडणाऱ्या जीटी २१० ला ३४० ही शाखा लागते. ती २०१९ च्या अखेरीस थांबली. जीटी ६१० ला ३९० ही शाखा, तीही २०२२ च्या अखेरीस थांबली. जीटी ७१० ला ४७० ही शाखा लागते आणि तिलाही आता कंपनीचा आधार नाही. थांबलेल्या शाखा आजच्या कर्नेलसाठी कंपनी तयार करत नाही. टायपिंग, इंटरनेट, ऑनलाइन अर्ज एवढंच काम असेल, तर जीटी २१० आणि ६१० ला नूवोवरच राहू द्या. जमलं तर कार्ड काढून मदरबोर्डचं इंटेल ग्राफिक्स वापरा. पुष्कळदा ते जास्त सुरळीत चालतं आणि वीजही कमी खातं.

नव्या एनव्हिडिया कार्डाला कंपनीचा ड्रायव्हर हवाच असतो. व्हिडिओ एडिटिंग किंवा यंत्रशिक्षण शिकणाऱ्या विद्यार्थ्याला लागणारं कुडा, म्हणजे कार्डावर आकडेमोड करण्याची एनव्हिडियाची सोय, नूवोवर चालत नाही. ग्राफिक्स कार्डावर आकडेमोड हा काही दूरचा विषय नाही. पुणे जिल्ह्यातल्याच खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीला ३० अँटेना आहेत, आणि त्यांच्याकडून येणारे संकेत एकत्र जुळवण्याच्या आजच्या व्यवस्थेत असेच ग्राफिक्स प्रोसेसर काम करतात. हे शिकायचं असेल तर ड्रायव्हर नीट बसवणं हा पहिला धडा आहे.

हा ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून बसवू नका. उबुंटूत 'ॲडिशनल ड्रायव्हर्स' आणि मिंटमध्ये 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडून तिथली शिफारस घ्या. असा ड्रायव्हर कर्नेलच्या प्रत्येक आवृत्तीशी जुळवावा लागतो. कित्येक संगणकांत हे काम 'डीकेएमएस' नावाची सोय करते, आणि तिला त्या कर्नेलच्या 'हेडर्स' फाइल लागतात. त्या नसल्या तर कर्नेल नवं होतं, ड्रायव्हर मागे राहतो आणि सकाळी डिस्प्ले येत नाही. 'डी के एम एस' स्पेस 'एस टी ए टी यू एस' ही आज्ञा चालवा. चालू कर्नेलच्या आकड्यापुढे 'इन्स्टॉल्ड' दिसलं पाहिजे.

सिक्युअर बूट चालू असेल तर ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड मागितला जातो. पुढच्या वेळी संगणक सुरू होताना निळं पान येतं. तिथे 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. घाईत 'कंटिन्यू' दाबलं की ड्रायव्हर नाकारला जातो. तसं झालं असेल तर ड्रायव्हर पुन्हा बसवा आणि त्या पानावर थांबा.

शिक्षकांसाठी एक खास गोष्ट. इंटेल आणि एनव्हिडिया दोन्ही असलेल्या अनेक लॅपटॉपांत एचडीएमआयचं पोर्ट एनव्हिडियाच्या चिपला जोडलेलं असतं. वर्गात प्रोजेक्टर लागत नसेल आणि लॅपटॉपची स्क्रीन नीट दिसत असेल, तर केबल बदलण्याआधी एनव्हिडियाचा ड्रायव्हर लागला आहे का ते पाहा.

लाइट, धूळ आणि उन्हाळा

कर्नेलचं अद्यतन चालू असताना लाइट गेली की सुरुवातीला लागणाऱ्या फाइल अर्धवट राहतात. आपल्याकडे हे कारण डोळ्यांआड करून चालणार नाही. अद्यतन करायचं ते यूपीएसवर किंवा लॅपटॉपची बॅटरी भरलेली असताना. अर्धवट राहिलंच, तर जुन्या कर्नेलमधून आत जा आणि 'एस यू डी ओ' स्पेस 'डी पी के जी' स्पेस '--कॉन्फिगर' स्पेस '-ए' चालवा. त्यात 'कॉन्फिगर' हा शब्द इंग्रजीत पूर्ण लिहायचा आणि त्याआधी दोन डॅश द्यायचे. राहिलेलं काम तिथून पूर्ण होतं.

फर्मवेअरचं पॅकेज काहीशे एमबींचं असतं. मोबाइलच्या डेटावर काम करत असाल तर अद्यतन मध्येच तुटणार नाही एवढा डेटा आधी पाहून घ्या. वायफाय चालत नसेल तर मोबाइल यूएसबी केबलनं जोडून टेदरिंग करा. लिनक्सला त्यासाठी वेगळा ड्रायव्हर सहसा लागत नाही.

ऊसपट्ट्यात, गुऱ्हाळांच्या आणि रस्त्यांच्या आसपास, कार्डाच्या पंख्यात काजळी आणि धूळ लवकर साठते. पंखा अडकला की एप्रिल-मे महिन्यांत दुपारी संगणक गोठतो आणि सकाळी पुन्हा नीट चालतो. दोष वेळेप्रमाणे बदलत असेल तर कर्नेलऐवजी ब्रश हातात घ्या. स्वस्त एसएमपीएसही असाच फसवतो. साधं काम चालतं, व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला की संगणक बंद पडतो. ओळखीच्या दुकानातून चांगला एसएमपीएस तासभर लावून पाहिला तर संशय फिटतो.

रिझोल्यूशन १०२४ बाय ७६८ वरच अडकलं असेल आणि ड्रायव्हर मात्र लागलेला असेल, तर व्हीजीए केबल किंवा स्वस्त कन्व्हर्टर बदला. मॉनिटर आपली ओळख याच वायरीतून सांगतो. ती ओळख पोचली नाही तर कर्नेल सावधपणे लहान चित्र निवडतं.

विकत घेण्याआधी आणि घेतल्यानंतर

जुना संगणक घ्यायला जाताना मिंट किंवा उबुंटूचा लाइव्ह पेन ड्राइव्ह सोबत न्या. दुकानातच त्यावरून संगणक सुरू करा. काही बसवावं लागत नाही. वरच्या तिनांतला दुसरा प्रश्न ('एल एस पी सी आय'चा) विचारा आणि 'ड्रायव्हर इन यूज' पाहा. सेटिंगमधल्या 'अबाउट' पानावर ग्राफिक्ससमोर 'एलएलव्हीएमपाइप' असं दिसलं, तर कार्डाला काम मिळालेलं नाही, सगळं प्रोसेसरच करतो आहे. मग एखादा व्हिडिओ लावा आणि संगणक निद्रेत घालून पुन्हा जागा करा. या तपासणीतून गेलेला संगणक घरी नेल्यावर सहसा फसवत नाही.

दुरुस्ती करताना एका वेळी एकच बदल करा आणि तो वहीत लिहा. एकदम चार गोष्टी बदलून संगणक चालला, तर कशानं चालला ते कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा शून्यापासून सुरुवात होते. चालणारं एक जुनं कर्नेल कायम ठेवा. जागा मोकळी करण्याच्या नादात ते काढू नका.

नव्या कर्नेलनं खरोखरच चालणारं कार्ड बंद पाडलं असेल, तर ते वितरणाकडे कळवा. उबुंटूत त्यासाठी 'यू बी यू एन टी यू-बी यू जी' ही आज्ञा आहे. चालणाऱ्या कर्नेलचा आकडा, न चालणाऱ्याचा आकडा, कार्डाचा क्रमांक आणि नोंदीतल्या नेमक्या ओळी द्या. आधी चालणारी गोष्ट नव्या आवृत्तीनं मोडता कामा नये, हा लिनस टोरवाल्ड्स यांचा कडक नियम आहे. म्हणून दोन आकडे असलेल्या तक्रारीला वजन असतं. "डिस्प्ले येत नाही" एवढ्या एका वाक्यावर जगातला कोणताही जाणकार काही करू शकत नाही.

शाळा, केंद्रं आणि स्टुडिओंना माझी कळकळीची विनंती आहे. प्रत्येक संगणकाला एक कागद चिकटवा. त्यावर कार्डाचा क्रमांक, ड्रायव्हरचं नाव, नीट चालणाऱ्या कर्नेलचा आकडा आणि शेवटचं अद्यतन केल्याची तारीख लिहा. संगणक कक्ष सांभाळणारे शिक्षक बदलतात, दुकानातला मुलगा दुसरीकडे नोकरीला जातो आणि त्यांच्याबरोबर माहितीही जाते. कागद जागेवर राहिला, तर पुढच्या वेळी डिस्प्ले गेल्यावर दहावीतली एखादी मुलगीही ग्रबमधून जुनं कर्नेल निवडून वर्ग सुरू करून देईल.